क्लॅरिनेट: फुंक, दमसास आणि सुराची गोलाई

‘पोटातून फुंक’, ‘गाल फुगवू नकोस’, ‘दम कमी पडतोय’. क्लॅरिनेट हाती घेतलेल्याच्या कानावर पहिल्या महिन्यापासून या तीन सूचना पडत राहतात. तिन्ही बरोबर आहेत, पण नेमके करायचे काय हे तिन्हींपैकी एकीतूनही कळत नाही. मग शिकणारा खांदे कानापर्यंत उचलून छाती भरतो, जीव खाऊन फुंकतो आणि वाद्यातून एकतर चिरका सूर निघतो, नाहीतर हवेचा फसफसाट. चार-सहा महिने असे गेले की ‘आपली छातीच लहान’ असा समज पक्का होतो. हा समज खोटा आहे. क्लॅरिनेटला बासरीपेक्षा किंवा बँडातल्या ट्रॉम्बोनपेक्षा बरीच कमी हवा लागते. लागतो तो दाब, आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत एकसारखा टिकावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसांतही त्यासाठी पुरेशी हवा मावते.

कोल्हापूर आणि पन्हाळा भागात हे वाद्य बहुतेकांच्या हाती बँडातूनच येते. वराती, गणपती, गावच्या जत्रा यांतून कान तयार होतो. शिकवणारा अनुभवी असतो, पण त्याने स्वतः ऐकून आणि वाजवून उचललेले असते, त्यामुळे श्वासाचे काम शब्दांत सांगणे त्याला अवघड जाते. पुढची माहिती अशा शिकणाऱ्यांसाठी आहे. घरी एकट्याने सराव करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

सूर खराब येतो तेव्हा दोष चार जागी असू शकतो: रीड, वाद्यातली गळती, ओठ-जिभेची ठेवण आणि फुंक. तपासणी याच क्रमाने करावी. पहिल्या दोन गोष्टी दहा मिनिटांत कळतात, शेवटच्या दोन सुधारायला महिने जातात. गळक्या वाद्यावर दमसासाचा सराव करणारा मुलगा चुकीचा जोर लावायला शिकतो आणि वाद्य दुरुस्त झाल्यावरही ती सवय सुटत नाही.

रीड

रीड म्हणजे बोरूसारख्या जाड गवताची पातळ पत्ती. तिच्यावर कडकपणाचा आकडा छापलेला असतो. नव्याने शिकणाऱ्याने २ किंवा २½ आकड्याने सुरुवात करावी. ‘मोठा आकडा म्हणजे मोठा वादक’ हा बँडांतला गैरसमज फार नुकसान करतो. कडक रीडवर हवेचा आवाज सुरात मिसळतो, जबडा आवळावा लागतो आणि दहा मिनिटांत ओठ थकतो. रीड फार मऊ असेल तर सूर पिपाणीसारखा पातळ लागतो आणि जोरात फुंकले की पत्ती माउथपीसला चिकटून सूर मध्येच बंद पडतो. माउथपीसच्या टोकाची फट कमी-जास्त असते, त्यामुळे एकाला चालणारा आकडा दुसऱ्याला चालेलच असे नाही.

रीड बसवताना तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवावे. समोरून पाहिले असता पत्तीच्या वर माउथपीसची काळी कड केसाएवढीच दिसली पाहिजे. पत्ती एका बाजूला सरकली तरी वाद्य चिरकते. रीड आवळणाऱ्या पट्टीचे, म्हणजे लिगेचरचे, स्क्रू बोटांच्या चिमटीने जेवढे फिरतील तेवढेच फिरवावेत.

- वाजवण्याआधी रीड मिनिटभर तोंडात ओली करा.
- तीन-चार रीड ठेवा आणि आळीपाळीने वापरा.
- वाजवून झाल्यावर रीड माउथपीसवर तशीच ठेवू नका. पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर किंवा रीडच्या डबीत वाळवा.
- टोकाला बारीकशी चीर किंवा खाच दिसली तर रीड टाकून द्या. तिला कात्रीने कापून चालवू नका.

गळती

वाद्याचा वरचा भाग वेगळा काढावा. त्याची सगळी भोके बोटांनी झाकून खालचे तोंड दुसऱ्या तळव्याने बंद करावे आणि वरून हवा तोंडाने ओढून घ्यावी. भाग घट्ट असेल तर आत पोकळी तयार होऊन ओढ दोन-चार सेकंद टिकते आणि ओठ काढताना ‘टप्’ असा आवाज येतो. ओढ लगेच सुटली तर कीखालचे, भोक झाकणारे कुठलेतरी पॅड नीट बसत नाही. ते शोधण्यासाठी सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली ठेवून की बंद करावी आणि पट्टी हलकेच ओढावी. जिथे ती अडकत नाही तिथे गळती. पॅड बदलणे आणि स्प्रिंग बसवणे हे कारागिराचे काम आहे. ते घरी करू नये.

श्वास घेणे

‘पोटातून’ या शब्दाने बराच घोळ केला आहे. पोटात हवा जात नाही. फुप्फुसांच्या खाली मध्यपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातल्या आतड्यांना जागा करून द्यावी लागते, म्हणून पोट पुढे येते आणि खालच्या बरगड्या बाजूंना व मागे फाकतात. मध्यपटल हे श्वास आत घेण्याचे साधन आहे. हवा बाहेर ढकलण्याचे काम पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. तेव्हा ‘मध्यपटलाने फुंक मार’ असे कोणी सांगितले तर ते शरीराला जमणारे नाही. ‘बेंबीच्या देठापासून’ हा आपला जुना वाक्प्रचार मात्र योग्य जागा दाखवतो: फुंकेचा रेटा बेंबीच्या खालून, ओटीपोटातून वर येतो.

श्वास कुठे जातो हे कळण्याची सोपी रीत अशी:

१. खुर्चीच्या कडेवर बसा, कोपरे गुडघ्यांवर टेका आणि पुढे वाका. आता तोंडाने सावकाश श्वास घ्या. या स्थितीत खांदे उचलता येत नाहीत, त्यामुळे कमरेच्या वरचा पाठीचा भाग फुगताना स्पष्ट कळतो.
२. तीच जाणीव ठेवून सरळ बसा आणि पुन्हा श्वास घ्या.
३. मग उभे राहा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे पाठीकडे राहतील. श्वास घेताना अंगठेही बाहेर ढकलले गेले पाहिजेत.

वाजवताना श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून घ्यावा. वरचे दात माउथपीसवरून उचलायचे नाहीत, फक्त कोपरे सैल करायचे. नाकाने घेतलेला श्वास गाण्याच्या मध्ये पुरत नाही, वेळही जास्त जातो.

क्लॅरिनेटवाल्याला आणखी एक अडचण येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पत्ती आणि माउथपीसमधली फट अरुंद असल्यामुळे हवा सावकाश संपते. ओळ संपते तेव्हा फुप्फुसांत शिळी हवा उरलेली असते. तिच्यावरच नवा श्वास घेतला की छाती भरलेली वाटते, पण गुदमरल्यासारखे होते. शिकणाऱ्याला वाटते दम संपला. खरे तर हवा जास्त झालेली असते. उपाय सोपा आहे: लांब ओळ संपली की आधी उरलेली हवा झटकन सोडावी आणि मगच श्वास घ्यावा. गाणे बसवताना घेण्याच्या जागांबरोबर सोडण्याच्या जागाही ठरवून ठेवाव्यात.

फुंक सोडणे: पाण्याची बाटली आणि नळी

क्लॅरिनेट वाजवताना तोंडातला दाब सुमारे २० ते ५० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणून दाबाचा सराव वाद्याशिवाय, पाण्यावर करता येतो. एक लिटरची पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरावी आणि मत्स्यपेटीला लावतात तसली नवी, बारीक, स्वच्छ नळी तिच्यात बुडवावी. नळीचे टोक पाण्यात जितके सेंटिमीटर खोल, तितक्या सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या वर गेल्याशिवाय एकही बुडबुडा येत नाही.

टोक १० सेंटिमीटर खोल ठेवून सुरुवात करावी. आधी काहीच होत नाही. पोटाचा रेटा वाढत जातो आणि अचानक पहिला बुडबुडा सुटतो. इथे थांबायचे. रेटा आणखी वाढवायचा नाही, तेवढाच धरून ठेवायचा. बुडबुडे एकामागोमाग, एकाच आकाराचे आणि एकाच लयीत यावेत. धडाधड आले तर फुंक जास्त झाली, मध्येच खंडले तर रेटा सुटला. कान लावून ऐकले की रांजणात बारीक धार पडावी तसा अखंड आवाज येतो, तो बिघडला की लगेच कळते. १५ सेकंद सलग जमले की टोक १५ सेंटिमीटरवर न्यावे, मग २० वर. गाल फुगले तर बुडबुड्यांची लय हमखास बिघडते, कारण गालांची पिशवी दाब स्वतःकडे शोषून घेते. गाल का फुगवायचे नाहीत हे या बाटलीने एका दिवसात पटते. हा सराव दिवसातून पाच-सहा फुंकांपुरताच ठेवावा. डोके हलके वाटले की लगेच थांबावे.

सुरुवातीला फुप्फुसे भरलेली असताना हवा आपोआप बाहेर धावते. तिला आवर घालण्यासाठी बरगड्या फाकलेल्याच ठेवाव्या लागतात. श्वास अर्ध्यावर आला की आवर सुटतो आणि पोटाचा रेटा कामाला लागतो. दमसास म्हणजे ही अदलाबदल कानाला कळू न देणे.

ओठ, हनुवटी, जीभ

खालचा ओठ खालच्या दातांवर थोडासा दुमडावा. लालीचा निम्मा भाग बाहेर दिसला तरी चालतो. वरचे दात माउथपीसच्या वरच्या उतारावर टेकवावेत. हनुवटी सपाट, जराशी खाली ताणलेली असावी. ती संत्र्याच्या सालीसारखी गोळा झाली की सूर आक्रसतो. तोंडाचे कोपरे ‘ऊ’ म्हणताना येतात तसे मध्याकडे यावेत. हसल्यासारखे कानांकडे ओढलेले कोपरे आणि चिरकणे यांची जोडी ठरलेली आहे. वाद्य शरीरापासून ३० ते ४५ अंशांच्या कोनात राहावे. ते सनईसारखे आडवे उचलले की पत्तीवरचा खालच्या ओठाचा आधार जातो.

जिभेबाबत मराठी माणसाला आपले स्वर उपयोगी पडतात. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, एकाच वेळी. ‘आ’ म्हणताना जीभ तळाशी बसते, घसा मोकळा वाटतो आणि म्हणून बरेच जण तसेच वाजवतात. पण क्लॅरिनेटवर जीभ खाली गेली की सूर पसरट होतो आणि उतरतो. जीभ वर राहिली की हवेची वाट अरुंद होते, ती वेगाने आणि एकाग्र होऊन पत्तीवर येते. ‘ही’ म्हणून श्वास लांबवावा: जीभ जिथे आहे तिथेच ठेवून वाजवायचे.

याची परीक्षा हार्मोनियमवर घेता येते. फक्त माउथपीस आणि बॅरल, म्हणजे त्याच्या लगेच खालचा छोटा तुकडा, जोडून जोराने व सरळ फुंकावे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ठेवण योग्य असेल तर काळी तीनच्या आसपासचा सूर, वरच्या सप्तकातला, येतो. तो बराच खाली आला तर ओठ ढिला आहे किंवा जीभ खाली आहे. वर चढला तर जबडा चावतो आहे. बाहेरून कोणी न सांगता स्वतःची चूक ओळखण्याचा याहून चांगला मार्ग नाही, आणि रोज सकाळी दोन मिनिटे तो करण्यासारखा आहे.

लांब सूर

आता पूर्ण वाद्य जोडावे. तंबोऱ्याचा किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्याचा सूर लावावा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर सगळी बोटे उचलली की पांढरी चार येते. अंगठा आणि डाव्या हाताची पुढची तीन बोटे ठेवली की काळी पाच येते. ही काळी पाच सा धरून सराव सुरू करणे सोयीचे जाते.

- एक सूर मध्यम आवाजात १२ सेकंद धरा. सुरुवात जिभेच्या हलक्या ‘त’ने करा, शेवट जीभ न लावता, फुंक थांबवून करा.
- तोच सूर अगदी बारीक आवाजात सुरू करून सहा सेकंदांत मोठा करा आणि सहा सेकंदांत पुन्हा बारीक करा.
- मग खाली एकेक सूर उतरा. खर्जाकडचे सूर भरू लागल्याशिवाय वर जाऊ नका.

दुसऱ्या प्रकारात बासरीकडून आलेले लोक फसतात. बासरीवर जोर वाढवला की सूर चढतो. क्लॅरिनेटवर उलटे होते: जोरात फुंकले की तो उतरतो आणि हलके फुंकले की चढतो. त्यामुळे आवाज वाढवताना ओठाची पकड टिकवावी आणि कमी करताना जबडा आवळू नये. आवाज लहान करणे म्हणजे रेटा सोडणे नव्हे. बारीक सुरालाही पोटाचा आधार तेवढाच लागतो. बँडात सतत मोठ्याने वाजवणाऱ्यांचा सूर खडबडीत होतो त्याचे हेच कारण आहे: बारीक आवाजात सूर टिकवण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही.

खालचा सूर चांगला लागला का याची आणखी एक परीक्षा आहे. सा धरून ठेवावा आणि डाव्या अंगठ्याने फक्त रजिस्टर की, म्हणजे सूर वरच्या पट्ट्यात नेणारी की, दाबावी. बासरी किंवा सनईवर जोर दिला की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि पत्तीच्या बाजूने बंद असल्यामुळे तिच्यावर सूर एक सप्तक आणि वर पाच एवढी झेप घेतो, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम लागतो. ओठ, जीभ, फुंक यांतले काहीही न बदलता तो अलगद लागला तर खालच्या सुराची ठेवण बरोबर होती. वरचा सूर उशिरा येत असेल, आधी घरघर होत असेल, तर बिघाड वरच्या सुरात शोधू नये. पुन्हा खालच्या सुराकडे यावे.

मधल्या पट्ट्यातले तीन-चार सूर, पांढरी चारपासून वर रजिस्टर बदलेपर्यंतचे, प्रत्येक क्लॅरिनेटवर फिके असतात. हा वाद्याच्या रचनेचा दोष आहे, वादकाचा नव्हे. ते वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटे भोकांवर ठेवली तर त्यांना थोडा भरदारपणा येतो. कोणती बोटे ठेवायची हे प्रत्येक वाद्यावर करून पाहावे लागते.

श्वास कुठे घ्यावा

आपल्याकडे क्लॅरिनेटवर मुख्यतः गाणी वाजतात आणि ऐकणाऱ्याला त्या गाण्यांचे शब्द पाठ असतात. त्यामुळे शब्दाच्या मध्ये घेतलेला श्वास त्याला लगेच खटकतो, वादकाला मात्र पत्ता नसतो. गाणे बसवताना शब्द वहीत लिहून काढावेत आणि श्वासाच्या जागी उभी रेघ मारावी.

सरावाला मोठा अभंग उत्तम. त्याची बांधणी ठरलेली असते: पहिली तीन चरणे सहा-सहा अक्षरांची आणि चौथे चार अक्षरांचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक चरणानंतर श्वास घ्यावा. मग दोन चरणे एका श्वासात. मग पहिली तीन चरणे सलग वाजवून चौथ्याच्या आधी छोटा श्वास. पुढे पूर्ण कडवे एका दमात. लय तीच ठेवायची, घाई करून श्वास वाचवायचा नाही. दोन कडव्यांच्या मध्ये शिळी हवा सोडायला जागा आपोआप मिळते.

श्वास न दिसता घेणे कसे असते ते कोल्हापूरकरांना दूर जाऊन शोधावे लागत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी दमसासासाठीच ओळखली जाते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर यांची ध्वनिमुद्रणे सहज ऐकायला मिळतात. ऐकताना तानांकडे लक्ष न देता श्वास कुठे घेतला एवढेच मोजावे. तालाची सम आली की श्वास घेणे ही सोय आहे. पण हे गायक समेवरून सूर पुढे नेतात आणि श्वास भलत्याच, लपलेल्या जागी घेतात.

सनईकडून येणाऱ्यांसाठी

सनईचे वादक, विशेषतः मागे अखंड सूर धरणारे, गालांत हवा साठवतात आणि नाकाने श्वास घेत असतानाच गाल आवळून ती बाहेर सोडतात. सूर तुटत नाही. ही मोठी कला आहे आणि क्लॅरिनेटवरही ती साधते. पण ती नंतर शिकावी. सनईची पत्ती तोंडात वेगळ्या तऱ्हेने धरली जाते. क्लॅरिनेटवर खालच्या ओठाचा आधार गालांच्या स्नायूंशी जोडलेला असतो, गाल फुगले की तो सुटतो. सपाट गालांनी वर्षभर सूर पक्का झाला की गालांची हवा वापरून पाहायला हरकत नाही.

चालत वाजवताना

वरातीत, विशेषतः चढावर, पायांनाही हवा लागते. कोल्हापूरहून पन्हाळ्याला येणाऱ्या शेवटच्या चढासारख्या रस्त्यावर घरी सहज जमणारी ओळ निम्म्यात तुटते. चढावर श्वासाच्या जागा दुप्पट कराव्यात आणि लांब ओळी दोन वादकांनी वाटून घ्याव्यात: एकाचा श्वास जिथे, तिथे दुसऱ्याने वाजवत राहायचे. माउथपीस दातांवर आदळू नये म्हणून वाद्याचा भार उजव्या अंगठ्यावर किंवा गळ्यातल्या पट्ट्यावर असावा. दात टेकतात त्या जागी चिकटवायची रबरी पट्टी मिळते. ती लावली की धक्का कमी बसतो.

पन्हाळ्याची हवा

गड समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे दहा टक्के कमी असतो, म्हणून दम लागतो असे काहींना वाटते. एवढ्या उंचीने निरोगी माणसाच्या वादनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. वाद्याचा सूरही उंचीमुळे बदलत नाही. तो तापमानाने बदलतो. हवा १ अंश थंड झाली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो आणि सूर उतरतो. डिसेंबरच्या पहाटे, गडावर धुके असताना, क्लॅरिनेट हार्मोनियमच्या खाली बोलते ते यामुळे. अशा वेळी जबडा आवळून सूर वर ओढू नये. आवाज न काढता पाच मिनिटे वाद्यातून उबदार श्वास सोडावा, बॅरल पूर्ण आत ढकलावी आणि मग सूर मिळवावा. लाकडी वाद्य थंडीत एकदम जोराने वाजवले तर तडकण्याचा धोका असतो. एबोनाइट किंवा प्लास्टिकच्या वाद्याला ती भीती नाही आणि बँडासाठी तेच बरे.

पावसाळा जास्त त्रासाचा. जून ते सप्टेंबर गडावरच्या घरांत कपडेसुद्धा वाळत नाहीत. रीड वाकडी होते, तिला बुरशी येते, लाकूड फुगून जोड अडकतात. वाजवून झाल्यावर कापड आतून दोनदा ओढावे, जोडांच्या बुचाला ग्रीस लावावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओले कापड पेटीत ठेवू नये. काळे डाग पडलेली रीड तोंडात घालू नये. कृत्रिम रीड महाग असते, पण ओलीचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून चार महिन्यांपुरती एक घेऊन ठेवणे परवडते.

जागेची निवडही विचाराने करावी. गडावरच्या पुसाटी बुरुजावर वारा सूर उडवून नेतो आणि नवखा वादक तो भरून काढायला जास्त फुंकतो. तीन दरवाजासारख्या दगडी कमानीखाली उलट घडते: कच्चा सूरही भरदार वाटतो. दोन्ही ठिकाणी कान फसतो. शिवाय संरक्षित स्मारकात कार्यक्रमासाठी पूर्वपरवानगी लागते. घरातल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर उभे राहून वाजवावे. भिंतीवरून परत येणारा सूर हाच खरा.

शेजारी, खरेदी आणि हक्क

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पहाटेच्या सरावाला बाटलीचा आणि श्वासाचा भाग ठेवावा, लांब सूर संध्याकाळी. दार-खिडक्या लावून, ठरलेल्या वेळी तासभर सराव करणाऱ्याविषयी शेजारी सहसा कुरकुर करत नाहीत. त्यांना वेळ आधी सांगून ठेवली तर आणखी बरे.

बँडाची बरीचशी वाद्ये मेरठमध्ये तयार होतात आणि लांबून मागवली जातात. मागवताना हे लक्षात ठेवा:

- पक्के बिल घ्या. त्यावर वाद्याचा प्रकार, पट्टी आणि क्रमांक लिहून मागा.
- पेटी उघडतानाचे चित्रीकरण मोबाइलवर करा आणि त्याच दिवशी गळतीची तपासणी करा.
- वाद्य सदोष निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे पन्हाळ्याच्या माणसाला कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे, दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.
- बँडात वाजवून पोट भरणाऱ्यानेही हक्क सोडू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेले वाद्य या कायद्यात बसते.
- आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुने वाद्य घेताना त्याच्या की पाहण्यापेक्षा माउथपीस पाहावे. त्याचे टोक चेपलेले किंवा कड खरवडलेली असेल तर नव्या माउथपीसचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे. माउथपीस आणि रीड एकमेकांत वाटू नयेत. बँडात ‘याच्यावर वाजव’ म्हणून दुसऱ्याचे ओले माउथपीस पुढे केले गेले तर नको म्हणण्याचा हक्क शिकणाऱ्या पोरालाही आहे, आणि पालकांनी तो त्याला सांगून ठेवावा.

केव्हा थांबावे

ओठ थरथरू लागला, कोपऱ्यांतून हवा गळू लागली की पाच मिनिटे वाद्य खाली ठेवावे. थकल्या ओठांनी पुढे रेटले की जबडा चावायला लागतो. सुरुवातीला १५ मिनिटांचे दोन भाग पुरेसे आहेत, तिसऱ्या महिन्यापासून तासभर. चक्कर, कानात दडे, जांघेत ताण किंवा दुखणे जाणवले तर सराव बंद करावा. हर्निया, काचबिंदू, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण फुंकताना छातीतला, पोटातला आणि डोळ्यांतला दाब वाढतो. दम्याच्या रुग्णांना बहुधा पूर्ण मनाई होत नाही. औषध जवळ ठेवून, धूळ आणि धूर टाळून त्यांना वाजवता येते.

आठवड्यातून एकदा, त्याच खोलीत आणि त्याच जागी मोबाइल ठेवून, काळी पाचचा एक लांब सूर ध्वनिमुद्रित करावा. तारीख, रीडचा आकडा आणि सूर किती सेकंद टिकला हे वहीत लिहावे. सहा आठवड्यांनी पहिले आणि शेवटचे मुद्रण लागोपाठ ऐकावे. फरक नसेल तर बाटलीकडे न जाता पुन्हा रीड आणि गळतीपासून तपासणी सुरू करावी.